पीएस-५ला ब्लूटूथ हेडफोन का लागत नाहीत, आणि मग रात्री खेळायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "घरी पीएस-५ स्लिम, म्हणजे सोनीचं टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन (कन्सोल) आहे. बायकोने वाढदिवसाला बाहेरचा आवाज दाबणारे चांगले ब्लूटूथ हेडफोन दिले. फोनला लागतात, लॅपटॉपला लागतात, पीएस-५ मात्र ब्लूटूथ ऑडिओ चालत नाही असं सांगून मोकळं होतं. टीव्हीला जोडून पाहिले तर आवाज येतो, पण उशिरा. मुलगी आठ महिन्यांची आहे. ती झोपल्यावर, म्हणजे अकरानंतरच खेळायला मिळतं, त्यामुळे स्पीकर लावायची सोय नाही. मशीनमध्ये बिघाड आहे का? नवीन हेडसेट घ्यावाच लागेल का? धाकट्या भावाकडे मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आहे आणि भाच्याकडे निन्टेंडोचं स्विच. तिन्हीकडे चालेल असं काही असेल तर तेही सांगा. आणि हे हेडफोन परत करायचे तर बायकोला काय सांगू?"

मशीन ठणठणीत आहे. हेडफोनही ठणठणीत आहेत. परत करू नका, आणि या आठवड्यात तरी नवीन काही विकत घेऊ नका.

मी पुण्यात चौदा वर्षं कन्सोल दुरुस्त करतो. "ब्लूटूथ गेलंय, हेडफोन पकडत नाही" म्हणून पिशवीत मशीन घालून येणारं कुणी ना कुणी दर महिन्याला असतंच. बहुतेकांचं मशीन मी न उघडताच परत देतो. पीएस-५मध्ये ब्लूटूथ ५.१ आहे आणि ते रोज काम करतं, तुमचा कंट्रोलर त्याच्यावरच तर चालतो. पण ब्लूटूथ असणं म्हणजे ब्लूटूथची सगळी कामं येणं नव्हे. बटणं-कीबोर्ड यांच्यासाठी त्यात एक ठरलेली पद्धत आहे, गाणी ऐकण्यासाठी एटूडीपी नावाची दुसरी, फोनवर दोन्ही बाजूंनी बोलण्यासाठी एचएफपी ही तिसरी. यांना प्रोफाइल म्हणतात. पीएस-४ आणि पीएस-५मध्ये कंट्रोलरचं प्रोफाइल आहे, पण बाहेरच्या साध्या हेडफोनांसाठी लागणारं एटूडीपी सोनीने दिलेलं नाही. स्टँडवर गाड्या भरपूर उभ्या असाव्यात आणि आपल्या गावची पाटी एकाही गाडीला नसावी, तसं हे आहे.

का दिलं नसेल? स्वतःचे हेडसेट विकायचे असतात हे एक कारण असणारच, असं माझं मत. पण तेवढंच धरून बसलात तर खरा मुद्दा निसटेल. निन्टेंडोने ही सोय दिली तेव्हा काय झालं ते पाहा. स्विच बाजारात आलं मार्च २०१७मध्ये आणि ब्लूटूथ हेडफोनची सोय आली साडेचार वर्षांनी, सप्टेंबर २०२१च्या १३.०.० या अपडेटमध्ये. तीही अटी घालून: ब्लूटूथ हेडफोन लावले की बिनतारी कंट्रोलर जास्तीत जास्त दोनच चालणार, हेडफोनचा माइक चालणार नाही, आणि शेजारी बसलेल्या मित्राच्या स्विचशी थेट जोडून खेळायला गेलात की हेडफोन तुटणार. एकाच छोट्या रेडिओकडून कंट्रोलर, आवाज आणि शेजारचं मशीन अशी सगळी कामं करून घ्यायची म्हटलं की अशी काटछाट करावी लागते. आणि एवढं करूनही आवाज उशिरा येतो तो येतोच.

हा उशीर नीट समजून घेतलात की कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून घरात पिंप भरून ठेवतात. वापरायचं पाणी पिंपातून घ्यायचं, नळ आला की पिंप भरायचं. मधे तासभर पाणी गेलं तरी घरात कळत नाही. पण त्याची किंमत अशी की तुम्ही वापरता ते पाणी मघाचं असतं. ब्लूटूथ हेडफोन आतून हेच करतो. कन्सोल किंवा टीव्ही आवाजाची माहिती दाबून लहान करतो, त्याचे तुकडे करून पाठवतो. हवेत काही तुकडे हरवतात, ते पुन्हा मागवावे लागतात. तोवर कानात खंड पडू नये म्हणून हेडफोन थोडा आवाज आधीच साठवून ठेवतो आणि त्या साठ्यातून तुम्हाला ऐकवतो. दाबणं-उलगडणं यात फारसा वेळ जात नाही. उशिराचा मोठा वाटा या पिंपाचा. आवाजाची माहिती दाबायच्या नेहमीच्या, एसबीसी नावाच्या पद्धतीत सगळं मिळून साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात.

ऐकायला ही रक्कम किरकोळ वाटते. पण सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं. म्हणजे २०० मिलिसेकंदांत बारा चित्रं पुढे गेली. क्रिकेटच्या गेममध्ये बॅटला चेंडू लागून तो कव्हरच्या दिशेने निघाला, आणि 'टक' आत्ता ऐकू आला.

मग याच हेडफोनवर सिनेमा बघताना ओठ आणि आवाज कसे जुळतात? कारण तिथे फोन किंवा टीव्ही आवाजाचा उशीर किती आहे ते बघून चित्रच तेवढं थांबवून ठेवू शकतो. दोघंही सारखेच उशिरा आले तर प्रेक्षकाला पत्ता लागत नाही, कारण त्याने स्वतः काही केलेलं नसतं. गेममध्ये घड्याळ सुरू होतं तुमच्या अंगठ्यापासून. बटण दाबलं तो क्षण तुम्हाला पक्का माहीत असतो. आवाजाशी जुळवायला चित्र थांबवलं तर कंट्रोलर जड वाटायला लागतो, नाही थांबवलं तर आवाज मागे राहतो. लपवायला जागाच नाही.

टीव्ही प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची एक शिफारस आहे. तिच्यानुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला ते जाणवायला लागतं. मागे पडलेला आवाज आपण जास्त सहन करतो, कारण वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो याची सवय जन्मापासूनची आहे. तीन मीटरवरच्या टीव्हीचा आवाजसुद्धा आपल्यापर्यंत यायला नऊएक मिलिसेकंद घेतोच. पण हे आकडे नुसतं बघणाऱ्याचे आहेत. हातात कंट्रोलर असलेला माणूस याहून बराच आधी कुरकुर करतो. दुकानातला माझा ढोबळ अंदाज असा: ४० मिलिसेकंदांपर्यंत कुणी तक्रार करत नाही, ८०च्या पुढे नेमबाजीचे गेम खेळणारे "काहीतरी गंडलंय" म्हणतात, आणि १५०च्या पुढे गेलं की मेन्यूत वरखाली करतानाच कळतं.

टीव्हीला हेडफोन जोडून तुम्ही जे अनुभवलंत ते हेच. तो मार्ग सोडून द्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले' असं काही दिसेल, पण त्याने उशीर वाढवता येतो, कमी करता येत नाही. शिवाय आवाज टीव्हीच्या स्पीकरवर चाललाय असंच कन्सोलला वाटत राहतं, त्यामुळे हेडफोनसाठीची त्रिमिती आवाजाची सोय तुमच्यापर्यंत येतच नाही. गोष्टीचे निवांत गेम असतील, एका जागी उभं राहून संवाद ऐकायचे असतील, तर चालून जाईल. बाकी नाही.

आता आज रात्रीचा उपाय. तुमच्या हेडफोनच्या डब्यात, चार्जिंगच्या वायरीजवळ, ३.५ मिलिमीटर पिनेची आणखी एक वायर असण्याची शक्यता दाट आहे. या दर्जाचे मोठे, कान झाकणारे हेडफोन बहुतेक त्या वायरीसकट येतात. तिचं एक टोक हेडफोनला, दुसरं ड्युअलसेन्सच्या, म्हणजे पीएस-५च्या कंट्रोलरच्या, खालच्या भोकात. झालं. कन्सोलपासून कंट्रोलरपर्यंतचा आवाज सोनी आपल्या पद्धतीने हवेतूनच पाठवते आणि तो रास्त वेगाने पोचतो, म्हणजे टीव्हीपासून सोफ्यापर्यंत तुम्ही बिनतारीच आहात. वायर आहे ती मांडीपासून कानापर्यंतची, तीही टी-शर्टच्या आतून घेतली तर विसरायला होतं. "वायरलेसच पाहिजे" म्हणून हट्टाने आलेल्या कित्येकांना मी आधी हे करून आठवडाभर खेळायला सांगतो, आणि त्यातले बरेच परत येत नाहीत. धंद्याच्या दृष्टीने हे चुकीचं आहे, मान्य.

वायर लावल्यावर दोन-तीन गोष्टी नडतात. पहिली म्हणजे कानात फक्त मित्रांचं बोलणं येतं आणि गेम टीव्हीवरच वाजत राहतो. सेटिंग्जमध्ये साउंड, त्यात ऑडिओ आउटपुट इथे जाऊन हेडफोनकडे 'चॅट ऑडिओ'ऐवजी 'ऑल ऑडिओ' पाठवा. दुसरी गोष्ट माइकची. हेडफोनबरोबर येणाऱ्या वायरीची पिन नीट बघा. तिच्यावर काळे पट्टे दोन असतील तर ती फक्त ऐकण्याची, तीन असतील तर माइकचीही. दोन पट्ट्यांची निघाली तर निराश होऊ नका, कंट्रोलरमध्ये स्वतःचा माइक आहे. तो बटणांची टकटक मित्रांना ऐकवतो खरा, पण रात्री अकराला तुम्ही काही फार बोलणार नाही असं धरून चालतो. तिसरी, हेडफोन कंट्रोलरच्या बॅटरीवर जगतो. ड्युअलसेन्सची बॅटरी १,५६० मिलिअँपिअर-तासांची, मुळातच बेताची. ती आणखी लवकर संपेल, तेव्हा झोपताना कंट्रोलर चार्जिंगला लावायची सवय ठेवा. बाहेरचा आवाज दाबण्याची सोय वायर लावल्यावरही चालू राहते का, हे हेडफोनच्या मॉडेलवर आहे. बहुतेकांत चालू ठेवता येते, पण त्यासाठी हेडफोन स्वतः चार्ज असायला लागतो.

मग त्रिमिती आवाज. पीएस-५च्या आत टेम्पेस्ट नावाची यंत्रणा आहे, जी पावलं मागून आली की वरून हे साध्या दोन कानांच्या हेडफोनवरही कळेल असा आवाज तयार करते. त्यासाठी खास हेडसेट लागत नाही, कंट्रोलरला लावलेले पाचशे रुपयांचे इयरफोनही चालतात. त्याच ऑडिओ आउटपुटमध्ये हेडफोनसाठीचा थ्रीडी ऑडिओ चालू करा आणि खालचं प्रोफाइल स्वतःच्या कानाने निवडा. ज्यात आवाज नेमका कानाच्या उंचीवर वाटेल ते तुमचं. प्रत्येकाच्या कानाची पाळी वेगळी, म्हणून दुसऱ्याचं प्रोफाइल उसनं घेऊ नका. मात्र डब्यावर '७.१ सराउंड' लिहिलेला हेडसेट पुढेमागे घेतलात तर त्यातलं ते बटण बंद ठेवा. कन्सोलने एकदा मसाला घातलेल्या भाजीत हेडसेटने पुन्हा मसाला घातला की चव जाते, दिशा गढूळ होते. एक्सबॉक्सवर असाच त्रिमिती आवाज देणारं विंडोज सॉनिक फुकट मिळतं आणि डॉल्बी ॲटमॉस पैसे भरून. तिथेही नियम तोच, दोन्हीपैकी एकच घालायचं.

वायर खरोखरच नको असेल, म्हणजे मुलगी रडली की हेडफोनसकट उठून पळायचं असेल, तर पुढचा पर्याय डोंगलवाल्या गेमिंग हेडसेटचा. यात अंगठ्याच्या नखाएवढा यूएसबी तुकडा कन्सोलला लागतो आणि तो फक्त आपल्याच हेडसेटशी बोलतो. हवेतला पट्टा ब्लूटूथचाच, २.४ गिगाहर्ट्झचा. पण पद्धत कंपनीची स्वतःची, पिंप लहान, आणि माइकचा परतीचा रस्ता आधीपासूनच राखून ठेवलेला. उशीर साधारण २० ते ४० मिलिसेकंद. साध्या ब्लूटूथवर माइक सुरू केला की हेडफोन एटूडीपी सोडून एचएफपीवर जातो आणि सगळं टेलिफोनवरून ऐकल्यासारखं होतं. डोंगलमध्ये ती भानगड नाही. सोनीच्या पल्स एलिटसारख्या हेडसेटमध्ये कन्सोलचा आवाज डोंगलवरून आणि फोनचा ब्लूटूथवरून एकाच वेळी येतो, म्हणजे खेळता खेळता आईचा फोनही घेता येतो. मला विचाराल तर पैसे द्यावेत अशी सोय ही आहे, डब्यावरचे रंगीत दिवे नव्हेत.

डोंगल कुठे लावता यावर बरंच काही ठरतं. एक किस्सा सांगतो. कोथरूडचे एक गृहस्थ नवा हेडसेट घेऊन आले, म्हणाले, रोज रात्री खरखर होते, मधेच आवाज तुटतो, बदलून द्या. मी तीन दिवस दुकानात लावून ठेवला, एकदाही खरखर नाही. परत दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. शेवटी त्यांच्या घरी गेलो. टीव्हीखालच्या कपाटात कन्सोल, मागच्या पोर्टमध्ये डोंगल, त्याला खेटून बाहेरच्या हार्ड डिस्कची पिन, आणि या सगळ्याच्या डोक्यावर वायफायचा राउटर, गणपतीसारखा मखरात. यूएसबी ३च्या वायरी आणि पिना काम करताना नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात. इंटेलने २०१२मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डोंगल बिचारा त्या गोंगाटाच्या कुशीत बसून सोफ्यावरच्या हेडसेटचं बोलणं ऐकायचा प्रयत्न करत होता. मी बॅगेतली एक हातभर यूएसबी २ची एक्स्टेन्शन वायर काढली, डोंगल कपाटाच्या बाहेर टीव्हीच्या पायाशी आणून ठेवला आणि राउटर दुसऱ्या टोकाला सरकवला. खरखर गेली. हेडसेट बदलायची वेळ आली नाही.

तुमच्या बाबतीत हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमचं मशीन स्लिम आहे. २०२०च्या जुन्या पीएस-५ला पुढच्या बाजूला नेहमीचं चौकोनी यूएसबी-ए पोर्ट होतं, तेही कमी वेगाचं, म्हणजे डोंगलसाठी अगदी योग्य. स्लिममध्ये पुढची दोन्ही पोर्टं यूएसबी-सी झाली आणि यूएसबी-ए दोन्ही मागे गेली, ती जलद वेगाची. म्हणजे यूएसबी-एचा डोंगल स्लिममध्ये थेट मागच्या अंधारात आणि हार्ड डिस्कच्या शेजारी जाऊन बसतो. एक तर हेडसेट घेताना यूएसबी-सी डोंगलचा घ्या, नाहीतर ती एक्स्टेन्शन वायर घ्या.

बाकी हवा स्वच्छ ठेवणं आपल्या हातात जितकं आहे तितकं करावं. २.४चा हा पट्टा भारतात परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून त्यात सगळेच घुसलेत: वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माऊस, शेजाऱ्याचा कॅमेरा, आणि दूध गरम करायला लावलेला मायक्रोवेव्हसुद्धा. इमारतीत बारा फ्लॅट म्हणजे बारा राउटर. कन्सोलला शक्यतो लॅनची वायर द्या, नाहीतर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. आणि डोंगल आणि तुमचं डोकं यांच्यामध्ये माणसं बसू नयेत. आपलं शरीर म्हणजे पाण्याची पिशवी, आणि पाणी ही लहर शोषतं. सोफ्यावर मधे मेहुणा येऊन बसला की आवाज तुटतो ही तक्रार मी ऐकली आहे आणि ती खोटी नव्हती.

आता तिसरा मार्ग, जो सगळ्यांना आधी सुचतो: छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर घ्यायचा, कन्सोलच्या यूएसबीत किंवा कंट्रोलरच्या भोकात लावायचा, आणि तुमचेच हेडफोन त्याला जोडायचे. जोडले जातात. पण इथे मी स्वतः पोळलो आहे. काही वर्षांपूर्वी डब्यावर 'लो लेटन्सी' (म्हणजे कमी उशीर) लिहिलेले असे दहा तुकडे मी उत्साहाने आणून ठेवले. पहिल्या गिऱ्हाइकाने दोन दिवसांत परत आणला, म्हणे उशीर तेवढाच आहे. तपासलं तर खरंच तेवढाच. तो कमी उशीर ॲप्टएक्स लो लेटन्सी नावाच्या पद्धतीने मिळतो, ४० मिलिसेकंदांच्या आसपास, पण ती पद्धत दोन्ही टोकांना असायला हवी. हेडफोनला ती येत नसेल तर दोघं मुकाट्याने एसबीसीवर येतात आणि तुमचे पैसे पाण्यात. आणि आजचे बरेच नावाजलेले हेडफोन ती पद्धत ठेवतच नाहीत. ॲपलच्या एअरपॉड्सना एसबीसी आणि एएसी एवढंच येतं. तुमच्या हेडफोनच्या माहितीपत्रकात 'कोडेक' (आवाजाची माहिती दाबायची पद्धत) असं लिहिलेल्या ओळीत काय आहे ते बघा. एसबीसी, एएसी, एलडॅक एवढंच असेल तर ट्रान्समीटरच्या वाटेला जाऊ नका. एलडॅक आवाजाच्या दर्जासाठी आहे, वेगासाठी नाही. एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत फोन आणि हेडफोनांमध्ये येऊ लागली आहे आणि ती वेगवान आहे, पण तुमच्या कन्सोलला आज तिचा उपयोग नाही.

स्वतः मोजून बघायचं असेल तर सोपं आहे. हेडफोनचा एक कप फोनच्या माइकला लावा, टीव्हीचा पडदा कॅमेऱ्यात धरा, गेममध्ये एक गोळी झाडा आणि ६० चित्रांच्या वेगाने चित्रीकरण करा. मग ते एकेक चित्र पुढे सरकवत बघा: ठिणगी दिसल्यापासून आवाज येईपर्यंत किती चित्रं गेली. त्यांना सतराने गुणलं की मिलिसेकंद आले. मी दुकानात अजून असंच करतो.

भावाच्या एक्सबॉक्सचं. तिथेही ब्लूटूथ ऑडिओ नाही, शिवाय एक पाचर आणखी आहे. पीएस-५, संगणक, स्विच यांना यूएसबी आवाजाची सर्वमान्य पद्धत कळते, एक्सबॉक्सला कळत नाही. त्याला मायक्रोसॉफ्टच्या परवान्याची, ओळख पटवणारी चिप असलेलाच डोंगल लागतो. म्हणून पीएससाठीचा डोंगल एक्सबॉक्समध्ये घातला तर मशीन त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. उलट मात्र जमतं: एक्सबॉक्ससाठी बनवलेले कित्येक हेडसेट डोंगलवरचं छोटं बटण सरकवलं की पीएस आणि संगणकावरही चालतात. म्हणून तिन्हीकडे चालणारा एकच हेडसेट हवा असेल तर एक्सबॉक्सची आवृत्ती घ्या, आणि घेण्याआधी तीच आवृत्ती पीएस-५वरही चालते असं डब्यावर स्पष्ट लिहिलंय का ते वाचा. दुकानदाराच्या "चालेल ना, सगळीकडे चालतो"वर जाऊ नका, आणि यात मीही आलो. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा २०२१चा हेडसेट आणि त्याच्यासारखे काही डोंगलशिवायच थेट एक्सबॉक्सशी जोडले जातात. भावाला फक्त एक्सबॉक्सच खेळायचा असेल तर ते सर्वांत सुटसुटीत, पण तुमच्या पीएस-५ला त्यांचा उपयोग नाही. आणि वायर तर तिथेही आहेच. फक्त २०१३चा अगदी पहिला एक्सबॉक्स वन कंट्रोलर असेल तर त्याला ३.५चं भोक नसतं, ते २०१५पासून आलं.

भाच्याचं स्विच तिघांत सगळ्यात मनमिळाऊ. साधे ब्लूटूथ हेडफोन लागतात, वर सांगितलेल्या अटींसकट, डोंगल डॉकच्या, म्हणजे स्विच टीव्हीला जोडायच्या स्टँडच्या, यूएसबीत चालतो, हातात धरून खेळताना यूएसबी-सी डोंगल थेट खाली लागतो, आणि ३.५चं भोकही आहे. तुमचे हेडफोन त्याला जोडून एकदा खेळून बघा. पळापळीच्या गेममध्ये उशीर कळेल, शेतीच्या गेममध्ये नाही.

डोंगलचा हेडसेट जुन्या बाजारात स्वस्तात दिसला तर आधी डोंगल मागा आणि तो लावून वाजवून बघा. डोंगल आणि हेडसेट ही जोडी असते. तुकडा हरवला की बऱ्याच कंपन्या तो सुटा विकत नाहीत, आणि मग उरतो तो डोक्याला लावायचा शोभेचा दागिना. माझ्याकडे असे पाच पडून आहेत. खरेदीच्या वेळी कानाच्या गाद्याही बघा. चकचकीत कृत्रिम चामड्याच्या गाद्या आपल्या पावसाळी दमटपणात दोन-तीन वर्षांत पापुद्रे सोडतात, कोकणात त्याहून लवकर. कापडी गाद्या घामाला बऱ्या आणि टिकतातही. सुट्या मिळतात का ते आधी विचारून घ्या.

आवाजाची पातळी. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास, पण ९० डेसिबल झालं तर आठवड्याला फक्त चार तास. रात्रीच्या शांततेत, त्यात बाहेरचा आवाज दाबलेला असताना, कमी आवाजात सगळं ऐकू येतं, हा तुमच्या हेडफोनचा खरा फायदा आहे.

आणि त्याच कारणाने एक धोकाही. आवाज दाबणं चालू असेल तर मुलगी रडलेली तुम्हाला ऐकू येणार नाही, आणि उठून बायकोच जाणार. आमच्या दुकानात एका बापाने बाळाच्या मॉनिटरचा फोन मांडीवर ठेवायची युक्ती सांगितली होती, थरथरला की समजायचं. तुमच्या हेडफोनला बाहेरचं ऐकू देणारा मोड असेल तर तो लावा, नसेल तर डावा कप कानामागे सरकवा. मग बायकोला हेडफोन परत करण्याचं काही सांगावं लागणार नाही. वायर मात्र डब्यातच शोधा, खालचा पुठ्ठा उचलून. बहुतेक ती तिथेच, न उघडलेल्या पिशवीत असते.